कॅमेऱ्यानं मान हलवली

कानिफनाथच्या गोठ्यात त्या सकाळी गाईंना उभं राहायला जागा उरली नव्हती, एवढी माणसं आत शिरली होती. जी आत मावली नाहीत ती गव्हाणीवर चढली आणि गव्हाणीवरही मावली नाहीत ती पत्र्याच्या फटीला डोळा लावून बाहेर ताटकळली. मधोमध पाट मांडलेला. पाटावर काळं फडकं, फडक्यावर चिरलेलं लिंबू, आणि लिंबाशेजारी ना मूर्ती ना नारळ, तर गोठ्यातला कॅमेरा! भरताच्या वांग्याएवढा, पांढरा, गोल डोक्याचा. कालपर्यंत बिचारा खांबावर जाळ्याजळमटांत लटकत होता. आज त्याला हळदकुंकू लागलं होतं. वायर तेवढी जोडलेली ठेवली होती. देवपण आलं तरी विजेवाचून चालत नव्हतं.

पाटासमोर कल्याणनाथ बाबा बसले होते. अंगावर भगवी शाल, कपाळभर भस्म आणि आवाज असा की पलीकडच्या उसातली पाखरं उडावीत.

"नजर बांधी, नजर सोडी! साती आसरा, एकच दोरी! कुणी बांधली, कुणी ओढली, कल्याणनाथानं येऊन तोडली!"

"तोडली!" गर्दी ओरडली.

"आता काटा काढतो. श्वास रोखा."

बाबांनी शालीतून एक सुई काढली, कॅमेरा उलटा केला आणि त्याच्या बुडाला असलेल्या बारक्या छिद्रात ती सुई खुपसून धरली. गोठ्यात माशी घोंगावली तरी ऐकू यावं अशी शांतता. आणि एकदम टण् करून आवाज झाला, हिरवा दिवा लुकलुकला, कॅमेऱ्यानं डावीकडून उजवीकडे सावकाश मान फिरवली, आणि आतून एक बाई बोलली!

"बोलली! आसरा बोलली!"

"काय म्हनली रं?"

"विंग्रजीत बोलती वाटतं."

"म्हंजे लांबची हाय. आपल्या गोदावरीतली न्हवं."

"शांत!" बाबा म्हणाले. "ती म्हणते, मी घर सोडते. कानिफनाथ, आता घराचा गुप्त शब्द सांग."

कानिफनाथ बावचळला. "आमच्या घरात कसला आलाय गुप्त शब्द, बाबा?"

"वायफायचा."

"त्यो व्हय! करडू एक दोन तीन चार."

एवढ्या माणसांसमोर सांगितल्यावर तो शब्द फारसा गुप्त राहिला नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाबांनी कानिफनाथचा मोबाईल घेतला, शाल डोक्यावरून ओढली आणि आत कितीतरी वेळ पुटपुटत बसले. रेंज कमी असली की त्यांचा मंत्र लांबत असे. अखेर शाल बाजूला झाली. मोबाईलवर एक निळा डोळा उमटला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. बाबांनी त्याला स्पर्श केला आणि पडद्यावर अख्खा गोठा उभा राहिला! कानिफनाथला मोबाईलमध्ये कानिफनाथ दिसला, तोंड वासून मोबाईलकडे बघणारा. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. बायाबापड्या वाकून त्या निळ्या डोळ्याला नमस्कार करू लागल्या.

बाबा पैशाला शिवत नसत. तूप चालत असे.

दाराशी हात जोडून विजयमाला उभी होती. आप्पासाहेबांची बायको, करणची आई. बोलणं असं हळू की समोरच्यानं कान पुढं करावा. देवाधर्माची मोठी. पहाटे अंघोळ करून गाईला गूळपोळीचा घास भरवल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हे तिचं लग्नापासूनचं व्रत. गुरुवारी तर दिवस मावळेपर्यंत निर्जळी. बाबांचा मंत्र ऐकून तिलाही भरून आलं होतं, कारण उद्या बाबा तिच्या गोठ्यात येणार होते. आणि तिच्या घरावर आलेलं संकट कानिफनाथच्या संकटापेक्षा मोठं होतं.

मळेवाडी हे पुणतांब्यापासून जवळचं गाव. चारी बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. जर्शी गाई घरोघर. गाय व्यायला झाली की पूर्वी माणूस गोठ्यात जाऊन झोपायचा. बिबट्याची ये-जा वाढली तसं ते बंद झालं. मग श्रीरामपूरच्या एका व्यापाऱ्यानं घरोघरी कॅमेरे बसवून दिले. अंथरुणात पडल्या पडल्या गाय बघायची, कळा सुरू झाल्या तरच कंदील-काठी घेऊन बाहेर पडायचं. कंपनीचं स्वतःचं ॲप जरा किचकट, सतरा परवानग्या मागणारं. म्हणून व्यापाऱ्यानं कुठलंतरी दुसरंच फुकटचं ॲप सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. सोपं, सुटसुटीत. गावाचं उत्तम चाललं होतं.

करणचं लग्न झालं. नवी सून राजनंदिनी संध्याकाळी माप ओलांडून घरात आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, ऐन धारांच्या वेळी, अख्ख्या मळेवाडीतल्या कॅमेऱ्यांनी मान हलवली.

एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या गोठ्यात! चांगुणा अंगणातल्या गोठ्यात धार काढत होती. डोक्यावरचा कॅमेरा खर्रर्र करत गोल फिरला, नाही नाही म्हटल्यासारखा, आणि त्यातून बाई बोलली. चांगुणा किंचाळली, म्हशीनं लाथ झाडली, दूध शेणात गेलं. दिवस उजाडल्यावर बघतात तो कुणाच्याच मोबाईलवर गोठा दिसेना. नुसता काळा चौकोन. कॅमेऱ्याचा दिवा मात्र जळतोय! म्हणजे कॅमेरा बघतोय, पण दाखवत नाही.

"नजरबंदी!" चांगुणा दूध संकलन केंद्रावर म्हणाली. "आन कवापास्नं? आप्पांची सून आली तवापास्नं."

ते ऐकून राजनंदिनी घरी हसत आली. श्रीरामपूरच्या दुकानदाराची लेक ती, बोलकी आणि बिनधास्त. "आई, काही नजरबंदी नाही. कंपनीनं कॅमेऱ्यांना अपडेट पाठवलंय. कंपनीचं ॲप टाका, दिसायला लागेल."

"हळू बोल गं," विजयमाला म्हणाली. "नवी नवरी तू. गाव काय म्हणेल?"

सून गप्प बसली. आणि तिसऱ्या दिवशी सोनईकडून बाबा आले.

ठरल्याप्रमाणे, कानिफनाथनंतर दुसऱ्या दिवशी, बाबा आप्पासाहेबांच्या गोठ्यात आले. पाट, फडकं, लिंबू, मंत्र. बाबांनी सुई उचलली तेवढ्यात मागून राजनंदिनीचा आवाज आला, "बाबा, ते छिद्र रीसेटचं आहे ना?"

बाबांचा हात थबकला. एक क्षणच. मग त्यांनी सुई खुपसली, कॅमेरा बोलला, गुप्त शब्द घेतला, शालीखालचा मंत्र झाला, आप्पांच्या मोबाईलवर निळा डोळा उमटला. पडद्यावर चंद्री दिसली, पोट टम्म झालेली, आजउद्या व्यायला आलेली. आप्पांनी बाबांचे पाय धरले.

पण बाबा हसले नाहीत. "आप्पा, डोळा उघडलाय खरा. पण टिकायचा न्हाई. ज्या पावलानं बांधला ते पाऊल अजून घरात फिरतंय."

"कुणाचं, बाबा?"

बाबांनी बोट दाखवलं नाही. नुसतं सुनेच्या पावलांकडे पाहिलं. तेवढ्यावर चांगुणा ओरडली, "पांढऱ्या पायाची गं बाई! मी म्हनलंच हुतं!"

"रविवारी ऊन माथ्यावर यायच्या आत हिला माहेरी धाडा," बाबा म्हणाले. "न्हाईतर गाय दगावंल. पुढचं पुढं बघू."

ह्या 'पुढचं पुढं बघू'चा अर्थ मळेवाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. खालच्या आळीतली एक सून अशीच चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली होती. तिच्या मागून तिचं सामान गेलं, मग निरोप गेला, आणि पुढच्या वर्षी त्या घरात दुसरं लग्न लागलं.

राजनंदिनीच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा मावळलं. करण दूध टेम्पोची किल्ली हातात फिरवत उभा राहिला. वडिलांपुढं बोलायची त्याला सवय नव्हती. आप्पा एवढंच म्हणाले, "रविवारी गाडी सांगतो."

त्या दिवसापासून बाबांना सगळंच दिसू लागलं. कानिफनाथच्या माडीवर त्यांचा मुक्काम. दिवसभर शाल पांघरून ध्यान, कानिफनाथची बायको कौतुकानं सांगे, "ध्यानात बसले की शालीतून निळा उजेड येतो, बाई!" आणि संध्याकाळी दूध संकलन केंद्रापुढच्या कडुलिंबाखाली दरबार. "कानिफनाथ, तुझ्या काळ्या कालवडीनं आज दावं तोडलं." तोडलं होतं! "चांगुणा, दुपारी तू म्हशीच्या पाठीवर लाटणं हाणलंस. मुकं जनावर हाय ते." हाणलं होतं! चांगुणा रडत त्यांच्या पाया पडली. ज्या गोष्टी आपापल्या गोठ्यात घडल्या त्या बाबांना लिंबाखाली बसून कशा कळतात? गावाची उरलीसुरली शंकाही संपली.

गुरुवारी संध्याकाळी विजयमाला दरबारात गेली ती सुनेसाठी पदर पसरायला. तिनं तोंड उघडायच्या आत बाबांनीच डोळे मिटले.

"माई, तू मोठी व्रताची. पण आज पहाटे गोठ्यात काय केलंस? गूळपोळीचा घास गाईला भरवलास आन उरला सुरला आपल्या तोंडात घातलास! गुरुवार मोडलास, माई. सुनेच्या पायगुणानं तुझी बुद्धी फिरली."

बायकांनी तोंडाला पदर लावले. विजयमालेच्या पायांखालची जमीन सरकली. पहाटे गोठ्यात ती एकटीच होती. गूळपोळीही खरी, घासही खरा. घरी परतताना मागून कुजबूज ऐकू आली, "एवढी देवभोळी, आन गुरुवारी गूळ खाती!" तिच्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

पण मन फार चमत्कारिक. घराशी येईतो रडणं थांबलं आणि त्याच्या जागी एक विचार येऊन बसला. ती दारातच थबकली.

मी गूळ खाल्ला कुठं?

घास भरवून झाला की गाईच्या कपाळाला लागलेली बोटं आपल्या ओठांना लावायची, ही तिची रीत. आईची होती, आजीची होती. आजही तिनं तेच केलं. गुळाचा कण ओठांच्या आत गेला नव्हता. हे तिला माहीत होतं आणि तिच्या देवाला माहीत होतं. मग बाबांना अर्धंच कसं माहीत? हात तोंडाकडं गेलेला दिसला, पण घास गिळला नाही हे दिसलं नाही. असं अर्धवट कुणाला दिसतं? जो आत बघतो त्याला नव्हे. जो वरून, पाठीमागून, खांबाच्या उंचीवरून बघतो त्याला.

तिनं मान वर करून गोठ्याकडं पाहिलं. खांबावरून कॅमेरा तिच्याकडं बघत होता.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. राजनंदिनी भाकरी थापत होती, डोळे सुजलेले.

"नंदिनी, त्या दिवशी तू काय म्हणालीस ते पुन्हा सांग. मी ऐकलं नाही तेव्हा. आता ऐकते."

सुनेनं तवा खाली उतरवला. "आई, समजा गोठ्याला कंपनीचं कुलूप आहे. कंपनीनं किल्ली दिली, पण ती अवघड, म्हणून त्या व्यापाऱ्यानं बाजारात दुसरी घडवून गावभर वाटली. त्या पहाटे कंपनीनं कुलूप आतून बदललं. चोरांना उघडता येऊ नये म्हणून बदलतात, चांगल्यासाठीच. झालं, बाजारातली किल्ली लागेना. कंपनीची लागते. एवढंच."

"आणि मान हलवली ती?"

"कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू झाला की आपण कुठवर वळू शकतो ते गोल फिरून बघतो. ती बाईही कंपनीचीच, आधी रेकॉर्ड केलेली. आमच्या श्रीरामपूरच्या दुकानात ह्याच कंपनीचे कॅमेरे आहेत, आई. त्याच पहाटे त्यांनीही मान हलवली. तिथं कुणाचा पाय पांढरा होता? मी तर इथं होते!"

विजयमालेला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. "मग आसरा 'घर सोडते' म्हणाली ते?"

"ती म्हणते, 'जोडायला तयार आहे.'"

"अगं बाई! आणि त्याला माझा घास दिसला तो कसा?"

"सुई टोचली की कॅमेरा आधीचं सगळं विसरतो. मग तो ज्याच्या मोबाईलला पहिल्यांदा जोडाल तो त्याचा मालक. बाबांनी सगळ्या गावाचे कॅमेरे आधी स्वतःच्या मोबाईलला जोडले. वायफायचा पासवर्ड त्यासाठीच. आपल्याला नुसती बघायची परवानगी दिली, आणि कंपनीच्या ॲपचं चिन्ह, तो निळा डोळा, देव म्हणून पुजायला लावला. शालीतला उजेड कसला, आई? मोबाईलचा!"

विजयमाला चुलीपुढं बसून राहिली. तिला राग आला होता, आणि तिचा राग तिच्या आवाजासारखाच हळू होता. "देवाच्या नावानं चोरून बघतो मेला. आत्ता जाऊन आप्पांना सांगू?"

"आप्पा माझं ऐकतील?"

"तुझं नाही, माझंही नाही. डोळ्यांनी बघतील तेच मानतील." थोडा वेळ ती भाकरीच्या पिठात बोटानं रेघा ओढत राहिली. "नंदिनी, तो कॅमेरा खांबावरून काढून दुसरीकडं लावला तर बाबाला कळेल?"

सुनेनं सासूकडं बघितलं, आणि तिचे डोळे एकदम लकाकले. "वायफायच्या टप्प्यात असेल तर मुळीच नाही!"

टप्प्यात होती ती भिंतीपलीकडची खातूनभाभी. दोन्ही गोठ्यांच्या मधली भिंत सामाईक, पत्रा सारखा, आणि वायफाय तर दोन्ही घरांत मिळून एकच. खातूनभाभीनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! म्हंजे त्यानं गावाचं सगळंच बघितलं असंल. माझ्याकडं पन आल्ता त्यो सुई घेऊन. मी म्हनलं, बाबा, माझ्या गोठ्यात कॅमेराच न्हाई, माझी शेळीच सगळ्यांवर ध्यान ठेवती. आना तुमचा कॅमेरा, वहिनी. कुटं लावू?"

रविवारी पहाटे बाबा गाढ झोपलेले असताना करणनं कॅमेरा उतरवला आणि भिंतीपलीकडं नेऊन लावला. वडिलांपुढं तोंड न उघडणाऱ्या पोरानं आईनं सांगितलेलं काम मात्र एका दमात केलं.

ऊन चढलं तसं सारं गाव लिंबाखाली जमलं. आप्पांनी गाडी बोलावली होती; ती दरवाजे उघडे टाकून रस्त्यात उभी होती. राजनंदिनी सासूच्या मागं. बाबा शाल सावरून बसले होते. "गाडीत बसवा. मग मी शेवटचा मंत्र..."

"बाबा." विजयमालेचा आवाज एवढा हळू की सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. "सुनेला पाठवते. एकच विनंती. माझी चंद्री आज व्यायला टेकलीय. गोठ्यात आत्ता काय आहे, कसं आहे, तेवढं दिव्यदृष्टीनं सांगा. जिवाला घोर लागलाय."

अशी विनंती बाबा नाकारतात कशाला? त्यांनी शाल डोक्यावरून ओढली. पुटपुट सुरू झाली. मग अचानक थांबली.

"अरिष्ट!" शालीतून आवाज आला. "अरिष्ट शिरलंय! गाय दिसत न्हाई, माई. गाईच्या जागी शेळी उभी हाय. पांढरीफेक! गव्हाणीत चढलीय... आता दावं चावतीय... संगं दोन करडं! ही शेळी न्हवं, ही अवदसा! पांढऱ्या पायाच्या सुनेची छाया!"

चांगुणा किंचाळली. आप्पा पांढरेफटक पडले आणि गोठ्याकडं धावत सुटले. त्यांच्यामागं गाव, आणि गावामागं, शाल सावरत, बाबा.

गोठ्यात चंद्री उभी होती, शांतपणे रवंथ करत. शेळी नाही, करडू नाही, लेंडीही नाही.

"कुटाय शेळी?" कानिफनाथ म्हणाला.

बाबा धापा टाकत पोचले. चंद्रीला बघून त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. पण पाठांतर पक्कं. "मला बघून पळाली! माया होती ती, माया!"

"पळंल कुटं, बाबा?" भिंतीपलीकडून खातूनभाभीचं डोकं वर आलं. "सकाळपास्नं हितंच हाय माझी शेळी. आन तिला अवदसा कशापायी म्हनता? दोन येळा दूध देती ती!"

सगळं गाव भिंतीला लागलं. पलीकडं पांढरीफेक शेळी गव्हाणीत चढून दावं चघळत होती, खाली दोन करडं उड्या मारत होती, आणि त्यांच्या डोक्यावर खांबाला लटकत होता आप्पासाहेबांचा कॅमेरा.

मग कानिफनाथ खो खो हसत सुटला, आणि हसता हसता मधेच गप्प झाला. बाबांना राहायला दिलेली स्वतःची माडी त्याला आठवली असावी.

"बाबा," विजयमाला म्हणाली, "दिव्यदृष्टीला माझा गोठा ठाऊक असता तर चंद्री दिसली असती. तुम्हांला दिसलं ते कॅमेऱ्याला दिसलं तेवढंच. कॅमेरा शेजारी गेला तशी तुमची दृष्टीही शेजारी गेली. माझ्या देवानं आजवर कधी कुणाचा वायफायचा पासवर्ड मागितला नाही."

"मोबाईल बघू," करण म्हणाला, आणि त्यानं शालीकडं हात केला. बाबा मागं सरले. मागं कानिफनाथ उभा होता.

मोबाईलच्या पडद्यावर बारीक बारीक चौकोन होते. एकात कानिफनाथच्या गाई. एकात खातूनभाभीची शेळी. एकात चांगुणाचं अंगण. आणि अंगणाच्या कडेला, अर्ध्या आडोशाची, तिची न्हाणी.

चांगुणा बघत राहिली. मग ती बाबांच्या अंगावर धावून गेली, तिला बायकांनी धरलं. "मेल्या! तुज्या पाया पडले रं मी! रोज सांजच्याला पाया पडले!"

राजनंदिनीनं मग सगळ्यांना सगळं सांगितलं: बदललेलं कुलूप, बाजारातली किल्ली, गोल फिरणारी मान, सुई, पासवर्ड. गव्हाणीच्या कडेवर चढून, मोठ्यानं. कुणी तिला हळू बोल म्हटलं नाही. बाबांनी आधी मंत्र म्हणून पाहिला, मग शाप देऊन पाहिला, आणि पोलीस पाटलांनी फोन लावलेला दिसल्यावर खाली बसले. "पोटासाठी केलं," ते म्हणाले. आवाज एकदम साधा झाला होता. "पूर्वी कॅमेरेच बसवत फिरायचो. अपडेट आल्याचं त्याच दिवशी कळलं. वाटलं..."

"कॅमेरे नीट करून दिले असतेस तर गावानं वर जेवू घातलं असतं की रं," खातूनभाभी म्हणाली. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे, ही माहिती बाबांना पोलीस ठाण्यात सविस्तर मिळाली.

आप्पासाहेब गोठ्याच्या दारात उभे होते. रस्त्यात गाडी अजून थांबलेली. ड्रायव्हरनं विचारलं, "आप्पा, निघायचं ना?"

आप्पा सुनेपाशी आले. गावाला ऐकू जाईल असं बोलले. एरवी ते सुनेशी बोलतच नसत. "पोरी, तू पहिल्याच दिवशी खरं सांगितलंस. आमी ऐकलं न्हाई. चुकलं माझं." मग ड्रायव्हरला म्हणाले, "जा बाबा तू. हितलं कुनी कुटं जात न्हाई."

करणनं पुढं होऊन बायकोशेजारी जागा घेतली. उशिरा का होईना, घेतली.

दुपारभर राजनंदिनी घरोघर फिरली. प्रत्येक कॅमेऱ्याला पुन्हा सुई टोचली, पण ह्या वेळी ज्याचा कॅमेरा त्याच्याच मोबाईलला जोडला, आणि पासवर्ड ज्याचा त्याला मनात ठरवायला लावला, कुणालाही न सांगता. कॅमेरा बोलला की ती मराठीत सांगे, "म्हणते, जोडायला तयार आहे." म्हातारी माणसं हसत. चांगुणाच्या अंगणातला कॅमेरा तिनं फाटकाकडं वळवून दिला. चांगुणानं तिचे हात धरले, आणि तिच्या ओटीत पेरू भरले.

संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायका लिंबाखाली विजयमालेभोवती बसल्या. कानिफनाथच्या बायकोनं खाली मान घालून विचारलं, "वहिनी, तुमी एवढ्या देवाच्या. तरी तुमाला संशय आलाच कसा? आमाला भीती वाटती, संशय घेतला तर पाप लागंल."

"देव संशयाला भीत नाही गं," विजयमाला म्हणाली. "भितात ते खोटे. मी गुरुवार सोडणार नाही, गाईचा घास सोडणार नाही. पण कुणी अद्भुत काही दाखवलं ना, की लगेच पाया पडू नका. एक गोष्ट जागची हलवून बघा. कॅमेरा उचला, शेजारी ठेवा, आणि मग विचारा. खरं असेल ते भिंतीपलीकडंही खरंच राहील. आणि कुणी म्हणालं की ह्या घरातल्या लेकीबाळीचा पाय पांढरा आहे, तर आधी त्या माणसाची शाल उचलून बघा, खाली काय आहे ते. एवढं करायला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. घटकाभर थांबायचा धीर लागतो. तेवढा धीर धरा, बायांनो. कुणाच्यातरी लेकीचं घर त्याच्यावर टिकून असतं."